रडणं जरा कृत्रिम वाटलं

'स्पर्श अचानक झाला' — एवढंच सांगितलं मी परीक्षकांना, आणि त्यातलं अक्षरही खोटं नाही, तेव्हा तुम्ही परत परत तेच विचारलंत तरी मी परत परत तेच सांगणार. बसा ना. उभ्याने काय चौकशी करणार — नाही, ती खुर्ची नको, तिच्यावर इस्त्रीचे कपडे आहेत, इकडे या, खिडकीपाशी. चहा टाकते. घेत नाही? चौकशीला आलेल्या माणसाने चहा घ्यायचा नाही असाही नियम आहे का? असेल, असेल. तुमच्या लोकांत कशाला नियम नाही तेवढं सांगा. एक मुलगी नापास झाली, तिच्या सरांनी अर्ज केला, संस्थेने बाहेरून तुम्हाला बोलावलं, तुम्ही एवढे जिने चढून माझ्याकडे आलात — आणि प्रश्न काय, तर परीक्षेत एका बाईच्या हातावर एका मुलीचा हात आला कसा. हसू येतं हो. माझी निम्मी हयात रंगमंचावर गेली, तिथे मला कितीजणांनी मिठ्या मारल्या, एकाने तर नाटक चाललं तोवर रोज गळा दाबला, पुढे नाटक पडलं म्हणून वाचले — कुणी कधी चौकशी केली नाही. तिचं वर्ष जाईल हे मला माहितीये. शाळेतली नेमणूक होऊन बसलीये, पास झाली नाही तर तीही जाणार, तेही कानावर आलंय. वाईट वाटतं. का नाही वाटणार? पण मी काय करू? माझंही काही आहे की नाही.

तुम्ही बाहेरच्या, म्हणून आमच्याकडे कसं असतं ते सांगते, म्हणजे तुमचा गोंधळ नको. समुपदेशनाचं शिकतात ना ही मुलं, त्यांची शेवटच्या वर्षाला प्रात्यक्षिक परीक्षा. खोलीत दोन खुर्च्या, मध्ये बुटकं टेबल, टेबलावर टिश्यूचा डबा, आणि एका भिंतीला ती काच — आतून आरसा, बाहेरून खिडकी. काचेमागे परीक्षक. एका खुर्चीत विद्यार्थी, दुसरीत मी. मी क्लायंट. पेशंट म्हणायचं नाही, पहिल्याच दिवशी ओरडा खाल्लाय त्यावरून. नकली क्लायंट म्हणा. आदल्या दिवशी भूमिका सांगतात — बाई साठीच्या आसपासची, नवरा अचानक गेला, त्या सकाळी दोघांचं भांडण झालेलं, आणि ते तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. संपलं. बाकीचं आपण आपल्या पदरचं घालायचं. आणि परीक्षेचा विषय काय, तर स्पर्श. म्हणजे समोर माणूस रडतंय, तर त्याला हात लावायचा का, लावायचा तर कधी, कुठे, कसा, विचारायचं कसं. मला सांगून ठेवलेलं असतं, की बोलणं रंगात आलं की रडायला लागायचं, आणि रडता रडता उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर असा — बघा — तळवा वर करून सोडून द्यायचा. मागायचं काही नाही. नुसता ठेवायचा. पिंजऱ्यात उंदरासाठी तुकडा ठेवतात ना, तसा. आणि मग बघायचं, समोरचा काय करतो.

काय काय करतात म्हणून सांगू. एक उंच मुलगा होता, त्याने मी नीट रडायलाही लागले नव्हते तोवर उठून मिठीच मारली. बरं, मारली तर मारली, त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राची क्लिप अडकली माझ्या केसांत. सुटेना. तो म्हणतोय, 'मला तुमचं दुःख समजतं', आणि मी म्हणतेय, 'अरे केस, केस'. शेवटी परीक्षक आत आले आणि त्यांनी सोडवलं. दुसरा एक, तो हातच लावायचा नाही या निश्चयाने आलेला, त्याने टिश्यूचा डबा एका बोटाने पुढे ढकलायला सुरुवात केली. ढकलतोय, ढकलतोय, डबा टेबलाच्या कडेला आला, पडला, तरी हा पाय लावून ढकलतोच आहे. एकीने माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, 'मला एक हात दिसतो आहे.' मी म्हटलं, माझाच आहे. आणि एक तर — विचारायचं असतं एवढं पाठ करून आलेली — 'हातावर ठेवू का, की मनगटावर, की खांद्यावर बरं वाटेल, की राहू दे?' — अगं, रडू आलेल्या बाईला काय मेनूकार्ड दाखवतेस? पण हसण्यावारी नेलं तरी नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही हं. कुणी कुणी माणसं येतातच मुळी त्यासाठी, की त्यांना कुणीतरी नको तिथे नको तसा हात लावलेला असतो. त्यांना परत कुणी न विचारता हात लावला तर ती कुठे जातील? कळतं मला. आणि नीट विचारणारीही असतात. खुर्ची जरा पुढे घेतात, थांबतात, आणि म्हणतात, 'तुमच्या हातावर हात ठेवला तर चालेल का?' तसं कुणी विचारलं की मी 'हो' म्हणायचं, ते ठरलेलं. मग ते हात ठेवतात. जरा वेळ. कुणाचे हात गार असतात घाबरून, कुणाचे घामेजलेले. एकेका परीक्षेच्या दिवशी अशी किती मुलं... जाऊ दे. तो विषय नाही.

नियम मलाही आहेत ना. मी आपणहून विद्यार्थ्याला हात लावायचा नाही, कारण मग परीक्षा त्याची की माझी? आणि आपल्या स्वतःच्या घरात जे घडलंय त्याची भूमिका घ्यायची नाही. घरात कुणी गेलं असेल तर दोन वर्षं दुःखाच्या भूमिका बंद, आणि ते आपलं आपण येऊन सांगायचं. का, तर नकली क्लायंटलासुद्धा त्रास व्हायला नको. फार जपतात हो आम्हाला. ज्यांचं तसं काही असतं त्यांना मग झोप न येणारी बाई देतात, नाहीतर साहेबावर चिडलेला कारकून. झोप न येणारीच्या हातावर कुणी हात ठेवायला जात नाही. तिला सांगतात, चहा कमी करा.

तुम्ही मघापासून त्या फळीकडे का बघताय? चष्मा होय. आमच्या ह्यांचा. हे गावाला गेलेत, धाकट्या भावाकडे — विसरून गेले. फार विसरभोळे. दाराशी चपला आहेत त्याही त्यांच्याच, बूट घालून गेले. बीपीचं मशीन? ते दोघांत एक आहे. आता ते गावाला कशाला नेतील? कधी येणार — येतील. भावाकडे गेले की लवकर निघत नाहीत. हे रक्ताच्या लॅबमध्ये होते, सगळी नोकरी रक्त काढण्यात गेली. एखाद्याची शीर सापडेना झाली की ह्यांना हाक. बोटाने नुसतं चाचपायचे, डोळे दुसरीकडेच. आणि आधी 'हात लावतो हं' म्हणायचे, मग 'जरासं टोचेल' — समोर लहान मूल असो नाहीतर बेशुद्ध माणूस. मी म्हणायची, बेशुद्ध माणसाला काय सांगता? तर म्हणे, सवय मोडायला नको. तुमच्या संस्थेत पहिल्या झटक्यात पास झाले असते. घरी बसल्यावर शिरा कुणाच्या शोधणार? मग माझ्या. सकाळचा चहा झाला की 'बघू' म्हणायचं आणि माझं मनगट धरून बसायचं. नाडी. लेकीने परदेशातून ते मशीन पाठवलं, तर मशीनवर विश्वास नाही — मशीन डाव्या हाताला, आणि उजव्या हाताला हे. मी म्हणायची, नाडी बघताय की नुसता हात धरून बसलाय? तर म्हणायचे, बोललीस ना मध्ये, चुकलं, आता पहिल्यापासून. रोज मी मध्ये बोलायची आणि रोज पहिल्यापासून. आमच्या वयाला आणखी काय असतं हो, आम्ही काय मिठ्या मारत बसणार? तेवढंच आपलं.

बरं, ती मुलगी. सांगते. त्या दिवशीची शेवटची होती. सर्दी झालेली, आवाज बसलेला, अंगात कुणाचातरी मापाबाहेरचा कोट. आली, बसली, नाव सांगितलं आणि गप्प. म्हटलं, विसरली वाटतं बिचारी. पण विसरली नव्हती, ती वाट बघत होती. गप्प बसून वाट बघणारं माणूस समोर असलं ना, की आपणच बोलत सुटतो — हे बघा ना, आताही तेच चाललंय, तुम्हीपण त्याच शाळेतल्या. तर मी माझं सुरू केलं, भांडणापर्यंत आले, रडले, हात ठेवला. आणि हात धरला गेला. अचानक. न विचारता. वर तिने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, 'हे खरं आहे ना?' — तर परीक्षकांनी त्याचेही गुण कापले, क्लायंटच्या सांगण्यावर अविश्वास दाखवला म्हणून. काचेकडून मी जरा तिरकी बसलेली असते, माझा खांदा आड येतो, त्यामुळे कुणाचा हात आधी उठला ते तिकडून दिसत नाही. दिसतो तो धरलेला हात. घंटा झाली तरी धरलेलाच. परीक्षकांतले मोठे सर आत आले, त्यांनी मला विचारलं, 'तुम्हाला काय जाणवलं?' क्लायंटला विचारायचंच असतं शेवटी. मी म्हटलं, स्पर्श अचानक झाला. सरांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, 'हो.' झालं. मी काय खोटं बोलले? मला कुणी 'कुणी धरला' असं विचारलंच नाही. विचारलं असतं तर — आता विचारलं असतं तर काय, ते सोडा.

आणि त्या दिवशी माझ्याबद्दल मोठ्या सरांनी काय शेरा मारला ते वाचलंत का? तुमच्याकडे सगळे कागद असतील. आम्हालाही शेरे असतात, भूमिका कशी वठवली म्हणून. इतकी वर्षं माझ्या रडण्याला नाव ठेवायची कुणाची छाती झाली नाही. एका नाटकात मी पाठमोरी रडायची, नुसत्या खांद्यांनी, तर मागच्या रांगेपर्यंत रुमाल निघायचे. आणि मोठ्या सरांनी काय म्हणावं? 'रडणं जरा कृत्रिम वाटलं. मध्येच थांबत होतं, नाक जास्त वाहत होतं, चेहरा विचित्र दिसत होता.' चेहरा विचित्र! मला घरी येईपर्यंत आधी राग आला आणि मग इतकं हसू आलं की जिन्यात बसले. सकाळपासून सगळ्यांसमोर रडले ते म्हणे उत्तम. शेवटचं तेवढं कृत्रिम. काय म्हणायचं या माणसाला? चार पुस्तकं लिहिलीत त्यांनी रडण्यावर.

नाही, शेवटचं वेगळं होतं असं नाही म्हणायचं मला. थकले होते. दिवसभर रडून माणूस थकतं.

तुम्ही काही लिहीत का नाही? लिहा की. 'क्लायंटचं म्हणणं कायम' असं लिहा. आणि त्या मुलीचं काय म्हणणं आहे? तिलाही विचारलंच असेल की. तिने सांगितलं असणार सगळं, आणि म्हणून तुम्ही इथे आलात — हे मी तुम्ही दार वाजवलंत तेव्हाच ओळखलं. तिने सांगायलाच हवं, मी तिच्या जागी असते तर पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं, तिला काय माझं... काय? काहीच नाही? म्हणजे काय काहीच नाही सांगितलं? अहो, तिचं वर्ष चाललंय, नोकरी चाललीये, आणि — परत सांगा. नीट सांगा. 'त्या खोलीत त्या बाई जे बोलल्या, त्यांनी जे केलं, ते त्यांचं आहे. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी सांगणार नाही.' असं म्हणाली? तुमच्यासमोर? आणि कुणी तिला सांगितलं नाही का, की बाई नकली आहे, नकली बाईचं कसलं आलंय गुपित? सांगितलं. सगळे हसलेही असतील. मोठे सर तर नक्की हसले असतील. आणि तरी तिने परत तेच सांगितलं.

थांबा. मला जरा पाणी — नाही, तुम्ही बसा, माझं घर आहे, मला माहितीये पाणी कुठे आहे ते.

हे गावाला गेलेले नाहीत. तुम्हाला कळलंच असेल, चष्म्याशिवाय माणूस भावाकडे जाऊन करणार काय? गेल्या वर्षीच्या परीक्षा संपल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गेले. संस्थेत मी सांगितलं नाही. लेकीला सांगितलं, आली, महिना राहिली, गेली — तिचं तिकडे सगळं आहे, तिला मी काही म्हणत नाही. संस्थेत सांगितलं असतं तर मला झोप न येणारी बाई दिली असती. आणि मला ती नको होती. मला हीच हवी होती, नवरा गेलेली. का, ते तुम्ही ओळखलंत, तोंडावर दिसतंय तुमच्या. बोलून टाकते. लेक परत गेल्यापासून मला कुणी हात लावलेला नाही. दुकानदार सुट्टे पैसे ताटलीत ठेवतो, डॉक्टर हातमोजे घालतो, शेजारीण दारातूनच बोलते. आणि परीक्षेच्या दिवशी एकामागून एक मुलं येतात, खुर्ची पुढे घेतात आणि विचारतात, 'तुमच्या हातावर हात ठेवला तर चालेल का?' — आणि मी 'हो' म्हणायचं असं वरून ठरवून दिलेलं आहे. मला कुणाकडे काही मागावं लागत नाही. हसा तुम्ही, मलाही हसू येतं. लोक देवळात जातात, सहलीला जातात, मी परीक्षेला जात होते. मला फार एकटं वाटतं हो. हे मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही.

तर भांडण. भूमिकेत भांडण सांगायचं असतं. मी दरवेळी नळाचं सांगते — गळका नळ, दुरुस्त का केला नाहीत, त्यावरून ठिणगी. पाठ आहे, अश्रू बरोबर 'वॉशर'वर येतात. सकाळपासून सगळ्यांना तेच सांगितलं. ती मुलगी समोर गप्प बसली आणि माझ्या तोंडून नळ आलाच नाही. दूध आलं. मी म्हटलं, भांडण असं नव्हतं काही. चहा झाला होता, त्यांनी 'बघू' म्हटलं आणि माझं मनगट धरलं, आणि गॅसवर दूध होतं, मी म्हटलं, 'सोडा हो, उतू जाईल' — आणि हात ओढून घेतला. झटका दिला जरा. त्यांची बोटं तशीच राहिली टेबलावर, अशी, धरल्यासारखी. मी दुधाकडे गेले. दूध उतू गेलं नव्हतं. मी तिथेच ओटा पुसत बसले, काही कारण नव्हतं, पुसलेलाच होता ओटा. परत आले तर हे खुर्चीत होते, मान जरा कलती. मी म्हटलं, घ्या, बघा आता नाडी, घ्या. आणि हात पुढे केला. किती वेळ हात पुढे करून बोलत होते कुणास ठाऊक. मला कळलंच नाही.

हे मी तिला सांगितलं. काचेमागे सगळं ऐकू जात होतं, त्यांना वाटलं, बाई पदरचं छान घालतेय. आणि ती मुलगी तेव्हा हळूच म्हणाली, 'हे खरं आहे ना?' अविश्वास कसला हो, एकटीनेच विश्वास ठेवला. तिने हात लावला नाही. खुर्ची पुढे घेतली, तिचा हात टेबलापर्यंत आला आणि थांबला, ती विचारणारच होती, तोंड उघडलं होतं तिने, मला दिसलं. मला धीर निघाला नाही. मी तिचा हात खेचला. तिची बोटं उचलून माझ्या मनगटावर ठेवली, इथे, नाडीवर, आणि वरून दुसरा हात दाबून धरला की काढता येऊ नये. तिला दुखलं असेल. तिने काढला नाही. घंटा झाली, दार उघडलं, तिला दिसत होतं की सर आले, आपण नापास होतोय, तरी तिने बोटं हलवली नाहीत. मी सोडेपर्यंत. आणि मी सोडल्या सोडल्या काय केलं, तर म्हटलं, 'स्पर्श अचानक झाला.' आवाजसुद्धा हलला नाही माझा. त्यात मी पटाईत आहे.

आता लिहा. हात मी धरला, आधी मी, तिने नाही. ती विचारणार होती. आणि तिला सांगा, बाई 'हो' म्हणाल्या, आता तू बोललीस तरी चालेल. पास करतील ना तिला? करतील. ती नेमणूक राहील ना? बघा बाई, तेवढं बघा, पोरीने नाक पुसत परीक्षा दिली आणि शिकवलेलं खरं मानलं, एवढाच तिचा गुन्हा. माझं काय होईल ते मला ठाऊक आहे. लपवलं म्हणून काढतील. काढू देत. तुम्ही सांगायला संकोचू नका, मी खूप नाटकांतून काढली गेलेय.

काय म्हणालात? मी कुणाला तरी भेटायला हवं. समुपदेशकाला. मी. खऱ्याखुऱ्या. तुमच्या ओळखीत आहेत चांगल्या — हो, असतील, आणि त्या विचारतील, 'मला एक हात दिसतो आहे'. नाही, चेष्टा नाही करत. जाईन. खरंच जाईन. पण मी सांगू का, मी त्या मुलीकडेच जाईन. तिला नवं कुणी आलेलं हवंच असेल, पहिली क्लायंट मी. तिला पहिल्यापासून काही सांगावं लागणार नाही, अर्धं तर झालंय, आणि मला आणखी कुणाला ते दूध सांगायचं — का? का नाही चालत? आता ती पास झाल्यावर तर... आधीची ओळख झाली म्हणून? ओळख कसली, मला तिचं आडनावही माहीत नाही. परीक्षेच्या खोलीत समोर बसलेली माणसं पुढे नाही बसायची एकमेकांसमोर. असं आहे होय. आणि मी खरं सांगितलं म्हणून तर आता हे कागदावर येणार, की ती तिथे समोर होती आणि मी खरी होते. नसतं सांगितलं तर चाललं असतं का? नाही, तेव्हा ती पासच झाली नसती. हो. बरोबर. तुमचं सगळं बरोबर असतं.

कधीच नाही? काही वर्षांनी वगैरे?

बरं.

लिहिलंत ते तसंच राहू द्या, एक शब्द खोडू नका. तिला पास करा. आणि निघा आता, संध्याकाळी जिन्यात अंधार होतो, कठडा धरून उतरा. नाही, हात नको, मी ठीक आहे. दार जाताना ओढून घ्या, मला आत्ता उठवत नाही.